विषयातून 'सीमाभाग' काढायला सांगितलंय, काय करू?

खानापूरकर:
घरी मराठी, बाजारात कन्नड, अशा घरांतली मुलं दोन्ही भाषा कशा मिसळून बोलतात, हा माझा पीएचडीचा विषय. दोन वर्षं खानापूर, नंदगडाकडची गावं फिरून ध्वनिमुद्रणं केली. आता गाईड म्हणतात, "सीमाभाग हा शब्द काढ, नाहीतर फाईल अडकेल." लेखी काहीच नाही. आई म्हणते, बदल की बाबा, नोकरी बघ. जगात कुठं याला संरक्षण आहे काय?

निपाणीची निवृत्त प्राध्यापिका:
बाळ, आधी लेखी मागून घे. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. युनेस्कोची १९९७ ची शिफारस उच्च शिक्षणातल्या अध्यापकांचं संशोधनाचं आणि ते प्रसिद्ध करण्याचं स्वातंत्र्य मान्य करते. बंधनकारक नाही, पण अर्जात उल्लेख कर. १९८८ ची बोलोन्याची सनदही, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांनी मिळून केलेला जाहीरनामा, राजकीय आणि आर्थिक सत्तेपासून स्वतंत्र संशोधन मागते. आणि गाईडवर राग धरू नकोस, तेही घाबरलेत. मी हे जवळून पाहिलंय.

चिकोडीकर:
कायदा असला तरी वेळ निघून जाते. हंगेरीत परदेशी विद्यापीठांवरच्या २०१७ च्या कायद्यामुळं सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला बुडापेस्टहून व्हिएन्नाला जावं लागलं. युरोपीय संघाच्या न्यायालयानं तो कायदा चुकीचा ठरवला २०२० मध्ये, तोवर वर्ग हलले होते. म्हणून उशीर नको.

खानापूरकर:
मॅडम, सोमवारी अर्ज देतो. ध्वनिमुद्रणांची एक प्रत कोल्हापूरला मावशीकडं ठेवली.