मदत हवी आहे : थायरॉईडची गोळी चालू असताना सोया दूध घ्यावे की बंद करावे?

नमस्कार,

सोयाचे पदार्थ आरोग्याला चांगले की वाईट, यावर आजवर मी बरेच उलटसुलट वाचले आहे, पण तेव्हा त्यामागे नुसते कुतूहल होते. आता तोच प्रश्न आमच्या घरातल्या तपासणीच्या कागदावर येऊन उभा राहिला आहे, म्हणून जाणकारांनी थोडा वेळ काढून मार्गदर्शन करावे, ही मनापासून विनंती.

माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. गेली ११ वर्षे त्या थायरॉईडसाठी लिव्होथायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेतात आणि एवढ्या काळात त्यांचा टीएसएच (रक्तातला हा आकडा वाढला की शरीराला थायरॉईडचे संप्रेरक कमी पडते असे समजतात) कधी फारसा हलला नव्हता. जानेवारीत तो २.६ होता. त्यांना गाईचे दूध पचत नाही, कडधान्ये थोडी जास्त झाली की पोट फुगते, आणि वर्षभरात मांड्यांतली ताकद इतकी कमी झाली की खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागू लागला. आहारात प्रथिने कमी पडत आहेत, ती वाढवा, असे सांगण्यात आले तेव्हा सोया दुधाचा पर्याय मीच शोधला आणि मीच आग्रहाने सुरू केला. सकाळी सहा वाजता गोळी आणि तिच्यामागोमाग, जेमतेम पाच मिनिटांत, २०० मिलिलिटर सोया दूध असा क्रम बसला. तेवढ्या दुधातून साधारण ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याबरोबर त्यांनी रोज खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायामही नेमाने केला, आणि तीन महिन्यांत त्या एका हाताच्या आधाराने उठू लागल्या. तो दिवस आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे.

मग मे महिन्यात त्यांना थकवा जाणवू लागला, पोट साफ होईना, उन्हाळ्यातही त्या पायांवर पांघरूण ओढून बसू लागल्या. तपासणी केली तर टीएसएच ९.२ आला. डॉक्टरांनी गोळीची मात्रा १०० मायक्रोग्रॅम केली आणि सोया पूर्णपणे बंद करायला सांगितले. भेटीची वेळ अगदी थोडी होती. दूध नेमके किती वाजता घेतले जाते हे त्यांनी विचारले नाही आणि ते सांगावे असे मलाही सुचले नाही. नव्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत, येत्या सोमवारपासून त्या सुरू करायच्या आहेत. सासूबाई मला एका शब्दाने बोललेल्या नाहीत, पण ज्या पदार्थामुळे त्यांना ताकद आली असे आम्ही मानत होतो त्यानेच त्यांची तब्येत बिघडवली असेल, तर तो देणारी मी आहे, ही टोचणी मनातून जात नाही.

माझ्या वाचनात आले ते असे. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन नावाची वनस्पतिजन्य द्रव्ये असतात आणि प्रयोगशाळेत ती थायरॉईडचे संप्रेरक तयार करणाऱ्या एका विकराचे (एन्झाइमचे) काम मंदावतात. बाळांसाठीच्या सोयायुक्त दुधाच्या भुकटीत पूर्वी आयोडीन घातलेले नसे, तेव्हा काही बाळांना गलगंड झाल्याच्या नोंदी आहेत. भुकटीत आयोडीन घालायला लागल्यावर तो प्रश्न सुटला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, ज्यांची थायरॉईड ग्रंथी आधीच सीमारेषेवर होती अशा ६० जणांना १६ मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असलेले सोया प्रथिन दिले असता त्यांपैकी ६ जणांचा आजार उघड स्वरूपात आला. हे वाचून मी घाबरले. मात्र निरोगी माणसांवर केलेल्या बहुतेक चाचण्यांत थायरॉईडवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, असेही त्याच वाचनात आढळले. सासूबाई या दोहोंपैकी कोणत्या गटात मोडतात, हे मला ठरवता येत नाही.

तेव्हा माझा मुख्य प्रश्न असा आहे की, सोयाने त्यांच्या ग्रंथीवर परिणाम केला, की गोळी आणि दूध एकापाठोपाठ गेल्यामुळे गोळीच अंगी लागली नाही? दुसरे असे की, त्या दुधाचा पेला संपत आला की तळाशी पांढरा, खडूसारखा थर बसलेला दिसतो आणि बोटाला तो किंचित खरखरीत लागतो. ही भेसळ तर नसेल?

जोडीने आणखी दोन शंका विचारते. माझ्या नणंदबाईंची तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अटकाव करणारे औषध चालू आहे. सोयामध्ये इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असते असे ऐकल्यामुळे त्या आमच्याकडे आल्या की आधी सोया कशात आहे ते विचारतात. आणि माझा १५ वर्षांचा मुलगा, जो आठवड्यातून दोनदा सोयाच्या वड्या आवडीने खात असे, तो त्यांना हात लावेनासा झाला आहे, कारण त्याने मुलांची छाती वाढते असे त्याला वर्गात कुणीतरी सांगितले.

*

प्रतिसाद १

ताई, मी गेली अनेक वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. औषधाची मात्रा ठरवण्याचा अधिकार माझा नाही, तुमच्या डॉक्टरांचाच आहे. पण त्यांच्यापर्यंत जी गोष्ट पोहोचायला हवी होती ती पोहोचलेली नाही, आणि ती सोमवारच्या आत पोहोचावी म्हणून हे तातडीने लिहीत आहे.

लिव्होथायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा ते एक तास दुसरे काही घ्यायचे नाही, असा नियम आहे. आतड्यातून तिचे शोषण फार सहज बिघडते, आणि सोया हे ते बिघडवणाऱ्या पदार्थांपैकी एक म्हणून ओळखले जाते. कॉफी, लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियमही त्याच यादीत आहेत. आता तुमच्या पेल्याच्या तळाशी बसणाऱ्या थराकडे या. सोयाबीनच्या दुधात मुळात गाईच्या दुधाइतके कॅल्शियम नसते, म्हणून बहुतेक उत्पादक ते वरून घालतात, आणि ते पाण्यात न विरघळणारे असल्यामुळे खाली बसते. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. कॅल्शियम कार्बोनेट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असे लिहिलेले असेल तर तो थर त्याचाच समजा. ती भेसळ नव्हे; पण थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात, आणि तुमच्याकडे ते पाच मिनिटांचे होते. म्हणजे सोया आणि कॅल्शियम या दोघांनी मिळून रोज सकाळी त्या गोळीची वाट अडवली असण्याची शक्यता फार मोठी आहे.

तुम्ही उल्लेख केलेला २०११ चा अभ्यास खरा आहे, पण त्यातल्या लोकांची ग्रंथी अजून स्वतः काम करत होती आणि तिच्यावर ताण आला. तुमच्या सासूबाईंना संप्रेरक मुख्यतः गोळीतूनच मिळत असेल, तर ग्रंथीतल्या विकराचे काय होते यापेक्षा गोळी रक्तात किती पोहोचते, हाच त्यांच्या बाबतीत कळीचा मुद्दा ठरतो. आयोडीन पुरेसे मिळत असलेल्या माणसाने माफक सोया खाल्ल्याने निरोगी ग्रंथी बिघडते, असे चाचण्यांतून दिसलेले नाही.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती सांगते. मात्रा ७५ वरून १०० वर नेणे आणि त्याच दिवशी सोया बंद करणे, ही दोन्ही पावले एकाच दिशेला नेणारी आहेत. अडथळा दूर झाला की जुनी ७५ ची गोळी पुन्हा पूर्ण लागू पडू लागेल, आणि तिच्या जागी १०० ची आली तर संप्रेरक गरजेपेक्षा जास्त होऊ शकते. या वयात ते जास्त झाले की छातीत धडधड होते, हृदयाचे ठोके अनियमित पडू शकतात, आणि पाळी बंद झालेल्या स्त्रियांची हाडे विरळ होतात. म्हणून डॉक्टरांना फोन करून नेमके एवढेच सांगा : गोळी आणि कॅल्शियम घातलेले सोया दूध तीन-चार महिने पाच मिनिटांच्या अंतराने घेतले जात होते, तर आधी वेळ दुरुस्त करून त्याच मात्रेवर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करावा का? निर्णय ते घेतील. मधल्या काळात गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका किंवा अर्धी करू नका.

दूध बंद करायची गरज पडेल असे मला वाटत नाही. ते दुपारी किंवा संध्याकाळी द्या, पाकीट आधी नीट हलवून घ्या म्हणजे कॅल्शियमही पोटात जाईल, आणि प्रमाण रोज सारखे ठेवा. आठवडाभर प्यायचे आणि पुढचा आठवडा सोडायचे, असे केले तर गोळीची मात्रा कशावर बेतायची हेच डॉक्टरांना कळणार नाही. तुम्ही त्यांना प्रथिने दिली ते योग्यच केले, चुकली ती फक्त वेळ.

*

प्रतिसाद २

मुख्य प्रश्नाचे उत्तर वर आलेच आहे, त्यामुळे मी उरलेल्या दोन शंकांबद्दल लिहितो.

सोयामध्ये इस्ट्रोजेन नसते. आयसोफ्लेव्होनची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असल्यामुळे ती पेशींमधल्या त्याच ग्राहकांना (संप्रेरक जिथे जाऊन बसते त्या रिसेप्टरना) जाऊन चिकटतात, पण त्यांचा जोर शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या मानाने फारच कमी असतो, आणि इस्ट्रोजेनच्या दोन प्रकारच्या ग्राहकांपैकी बीटा या प्रकाराकडे त्यांचा ओढा जास्त असतो. भीतीचे मूळ जनावरांत आहे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरून वांझ होऊ लागल्या आणि त्यामागे गवतातले असेच एक द्रव्य निघाले. पण त्या मेंढ्या दिवसभर दुसरे काही खातच नव्हत्या. उंदरांच्या शरीरातही ही द्रव्ये माणसापेक्षा वेगळ्या रीतीने पचतात, त्यामुळे उंदरांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही.

नणंदबाईंसाठी सर्वांत उपयोगी माहिती शांघायमधल्या अभ्यासाची आहे. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या ५,०४२ स्त्रियांचा सुमारे चार वर्षे माग ठेवला गेला आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ज्यांच्या आहारात सोया जास्त होते त्यांच्यात मृत्यूचे आणि आजार उलटण्याचे प्रमाण कमी दिसले, आणि टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांतही ते वाढलेले आढळले नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे सोया खाल्ल्याने संरक्षण मिळते असे मी त्यावरून म्हणणार नाही. पण माफक सोया खाणे घातक आहे, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीसुद्धा सोयाचे पदार्थ सुरक्षित मानते. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात पदार्थातून कधी मिळणार नाही इतके प्रमाण एकाच वेळी पोटात जाते. त्या नणंदबाईंनी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तुमच्या मुलाला सांगा की ती गोष्ट पूर्ण खोटी नाही, पण अर्धी आहे. २००८ साली एका ६० वर्षांच्या पुरुषाची छाती खरोखर वाढल्याची नोंद झाली. तो रोज जवळजवळ २.८ लिटर सोया दूध पीत होता, आणि ते सोडल्यावर त्रास ओसरला. पुरुषांवरच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१० साली झाले आणि २०२१ साली पुन्हा झाले. दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. तेल काढून घेतलेल्या सोयाच्या पिठापासून केलेल्या ५० ग्रॅम कोरड्या वड्यांतून त्याला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि वाढीच्या वयात ती कामाची आहेत. फक्त कच्चे किंवा अर्धवट शिजलेले सोयाबीन कुणीच खाऊ नये, कारण त्यातले प्रथिन पचू न देणारे घटक नीट शिजवल्यावरच निष्प्रभ होतात.

एक गोष्ट राहिली. सोया हृदयाला फार चांगले, असेही तुमच्या वाचनात आले असेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनाच्या बाबतीत तसा दावा छापायला परवानगी दिली होती, आणि पुढचे पुरावे पाहून २०१७ साली त्याच प्रशासनाने ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. कोलेस्टेरॉल उतरते, पण थोडेसेच. तेव्हा औषध म्हणून सोयाकडे पाहू नका आणि विष म्हणूनही पाहू नका; सासूबाईंना त्यातून प्रथिने मिळतात, एवढे कारण ते देण्यासाठी पुरेसे आहे.

*

धागाकर्तीचा प्रतिसाद, दहा आठवड्यांनंतर

दोघांचेही मनापासून आभार. पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेले होते, अगदी बारीक अक्षरांत, घटकांच्या शेवटून दुसऱ्या जागी. मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले, गोळी आणि दूध यांच्या वेळा लिहून घेतल्या, आणि १०० ची गोळी सुरू न करता ७५ वरच राहून आठ आठवड्यांनी तपासणी करायला सांगितले. दुधाची वेळ संध्याकाळी पाच केली. सकाळी सहाला गोळी, पाणी, आणि सातपर्यंत दुसरे काहीही नाही.

गेल्या आठवड्यात अहवाल आला : टीएसएच ३.४. मात्रा आहे तीच ठेवली आहे आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले आहे. नणंदबाईंनी शांघायच्या अभ्यासाची माहिती छापून घेतली असून पुढच्या भेटीत त्या ती स्वतःच्या डॉक्टरांना दाखवणार आहेत. मुलगा अजून वड्यांकडे संशयाने बघतो, पण काल त्याने २.८ लिटर म्हणजे किती पेले होतात ते स्वतः मोजून पाहिले आणि मग ताटातल्या चार वड्या खाल्ल्या.