जिओकॅश ‘राक्षसाचा पोपट’: कोडं, जागा आणि डबा

ए-३०२: आपल्या सोसायटीच्या जिओकॅशची, म्हणजे जीपीएसने शोधायच्या लपवलेल्या डब्याची, गोष्ट ठरली. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर वड, ढोलीत पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव. जिओकॅशिंगच्या साइटवर आपला प्रकार ‘मिस्ट्री’. त्यात नकाशावरचा बिंदू खोटा असतो आणि डबा त्याच्या २ मैलांच्या (सुमारे ३.२ किलोमीटरच्या) आत असावा लागतो. आता कोडं ठरवू.

सी-६०१: ताई, सात समुद्रांचे सात डबे ठेवूया का? मुलांना पळापळ करायला मजा येईल.

ए-३०२: एकच ठेवू. नियमाची अडचण नाही. १६१ मीटरची अट दुसऱ्यांच्या कॅशपासून आहे, एकाच कॅशचे टप्पे जवळजवळ चालतात. पण सातातला एक डबा कुणी उचलला की पुढचे सगळे वाया. समुद्र कागदावरच ओलांडू देत.

बी-११०३: कोड्यासाठी कटपयादी घ्या, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याची जुनी पद्धत. आपल्या अक्षरांना शोभते.
क ट प य = १
ख ठ फ र = २
ग ड ब ल = ३
घ ढ भ व = ४
ङ ण म श = ५
च त ष = ६
छ थ स = ७
ज द ह = ८
झ ध = ९
ञ, न आणि सुटे स्वर = ०
काना, मात्रा, अनुस्वार सोडून द्यायचे. डब्याच्या अक्षांश-रेखांशाचे अंश आणि मिनिटांचा पूर्णांक साइटवरच्या आपल्या पानावर उघड द्या. मिनिटांच्या दशांशानंतरचे तीन-तीन आकडे फक्त दोन शब्दांत लपवा. सरावासाठी ‘समुद्र’ आणि ‘पिंजरा’ सोडवून बघा. खरे शब्द ग्रुपवर कुणीही टाकू नका.

डी-२०४: काका, समुद्र ७५८२ येतोय. चार आकडे कसे?

बी-११०३: जोडाक्षरात शेवटचं व्यंजनच मोजतात. ‘द्र’मधला द सोडा, र धरा: ७५२. पिंजरा: १८२. ही चूक बहुतेक जण करणार, म्हणून पानावर ‘प्रत्येक शब्दाचे तीनच आकडे’ असं लिहाच. आणि ळ असलेला शब्द टाळा. त्याची किंमत सगळीकडे एक धरत नाहीत.

ई-८०२: कर्नाटक संगीतात मेळकर्त्याचा, म्हणजे मूळ रागाचा, क्रमांक असाच काढतात, पण उलटा वाचतात. धीरशंकराभरण: ध ९, र २, म्हणून २९. मग आपले आकडेही उलटेच ना?

बी-११०३: हो, परंपरा तीच. ७५२चे २५७, १८२चे २८१. पण ज्याला हे माहीत नाही तो सरळच वाचणार, म्हणून गोष्टीतच सांगा: ‘पोपट नेहमी शेवटापासून बोलतो.’ हा इशारा गाळू नका. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग १.८५ मीटर असतो. ७५२ आणि २५७मध्ये ४९५ हजारांश, म्हणजे ९०० मीटरहून जास्त फरक. तेवढ्यावर कुणाचं तरी अंगण असतं आणि शोधणारा तिथल्या कुंड्या उचलून बघतो. माझा आग्रह एवढाच आहे: घरून निघण्यापूर्वी उत्तर बरोबर असल्याची खात्री झालीच पाहिजे.

डी-२०४: मग सहा आकड्यांची बेरीज देऊ. २५ आली की बरोबर.

बी-११०३: उलटं वाचलं तरी बेरीज २५च येते, म्हणून ती उपयोगाची नाही. प्रत्येक शब्दात पहिला आकडा गुणिले १, दुसरा गुणिले २, तिसरा गुणिले ३ करा. २५७चे ३३, २८१चे २१, एकूण ५४. दोन्ही शब्द सरळ वाचले तर ४६, एकच चुकला तर ५६ किंवा ४४. खरे शब्द निवडतानाही हे चारही आकडे वेगळे येतात का ते तपासा.

ई-८०२: नकाशात टाकताना लोक हमखास चुकतात. १८° ३१.२५७′ म्हणजे दशांश अंशांत १८.५२०९५, कारण मिनिटांना ६०ने भागायचं. कुणी १८.३१२५७ टाकलं तर तो २३ किलोमीटर दक्षिणेला जाईल. मिनिटांची खूण पानावर स्पष्ट छापा.

सचिव: जागा कुठली? आवारात रोज अनोळखी माणसं येणं मला मान्य नाही.

ए-३०२: तुमचं बरोबर आहे. कंपाउंडबाहेर, पायवाटेकडच्या आपल्याच पट्ट्यात जुना वड आहे. ती जागा सोसायटीची आहे, लेखी परवानगी तुम्हीच द्याल. खोदायचं नाही, खिळा मारायचा नाही. मुळांच्या खाचेत डबा नुसता टेकवायचा. मोजमाप तीन वेगवेगळ्या दिवशी घेऊन सरासरी काढू. उंच इमारतींजवळ सिग्नल भिंतींवर आपटून येतो, एकाच मोजणीवर विसंबू नका. जागेची सूचना: ‘मुळांच्या पोटात’.

सचिव: ठीक. पण बेवारस वस्तू म्हणून कुणी पोलिसांना फोन केला तर?

ए-३०२: म्हणून पारदर्शक डबा. काळी टेप, पाइप, वायर काहीच नको. बाहेरून मोठ्या अक्षरांत ‘जिओकॅश, खेळाचा डबा’ आणि सोसायटीच्या ऑफिसचा नंबर. दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना आणि पोलीस चौकीला फोटोसकट सांगून ठेवू.

सी-६०१: स्टीलचा डबा टिकेल ना?

ए-३०२: पावसात नाही, साध्या झाकणातून पाणी शिरतं. रबरी पट्टीचा, चारही बाजूंनी कडीने बंद होणारा ७०० मिलीचा प्लास्टिकचा डबा घ्या. आत झिपच्या पिशवीत वही, पेन्सिल, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या ५ ग्रॅमच्या दोन पुड्या. बॉलपेन नको, ओलसर कागदावर उठत नाही. डबा गळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पिशवीची कड पट्टीखाली अडकते. झाकणाच्या आत लिहा: ‘पिशवी पूर्ण आत घाला’. खाऊ, सुगंधी वस्तू नकोत, मुंग्या आणि माकडं येतात. पोपट लाकडी ठेवा, रंगवलेला. तो न्यायचा नाही हेही लिहा.

ई-८०२: साइटवर पाचपैकी आकडे द्यावे लागतात. कोड्याचा अवघडपणा २.५, वाट १.५ ठेवूया का?

बी-११०३: आत्ता लिहू नका. या ग्रुपवर नसलेल्या दोघांना नुसतं पान द्या, शेजारी बसा, मदत करू नका. कुठे अडतात ते टिपा, मग आकडा ठरवा.

सचिव: परवानगीपत्र रविवारी देतो. जूनपासून दर पंधरा दिवसांनी डबा कोण उघडून बघणार?

डी-२०४: मी आणि सी-६०१, आलटून पालटून. सुटी पेन्सिल आणि कोरडी वही ऑफिसात ठेवतो.