माल्टात ऑनलाइन कसिनोची नोकरी – लीगल आहे का? अर्जंट

सांगलीचा_पक्या:
माल्टातून ऑफर आलीये. ऑनलाइन कसिनो, कस्टमर सपोर्ट. शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचीय. तिथे हे लीगल आहे ना? बाबांचं एकच, "मटक्याच्या टपरीवर बसलास तरी हेच काम." फक्त हो की नाही सांगा, भाषण नको.

फिरस्ता:
हो, बिनधास्त जा. २००४ पासून तिथे याला रीतसर नियम आहेत, आता २०१८ चा गेमिंग कायदा. परवाना माल्टा गेमिंग अथॉरिटी देते. साडेपाच लाख वस्तीचा देश, पण स्लीमा-सेंट ज्युलियन्स भागात दर दुसरी पाटी याच धंद्याची. मी ४ वर्षं काढली तिथे.

हिशेबनीस:
जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर बसतो. रिटर्नमध्ये दाखव.

सांगलीचा_पक्या:
अहो, मला खेळायचं नाहीये!!

मांडवीकाठचा:
माल्टा कशाला? पणजीला ये, आमच्या नदीत कसिनोच्या बोटी उभ्या आहेत. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात दुरुस्त्या करून बसवल्यात. बाबांना सांग बोटीवर आहे.

काळाकोट:
पक्या, गिऱ्हाईक कुठलं? बोलायचं कोणत्या भाषेत? आणि परवाना कुणाच्या नावावर? ऑफिस माल्टात असणं वेगळं, माल्टाचा परवाना असणं वेगळं.

सांगलीचा_पक्या:
हिंदी आणि मराठी. म्हणून तर मला घेतलं. त्याने काय फरक पडतो?

काळाकोट:
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंस. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. मदत करणाराही त्यात येतो आणि परदेशातून भारतात दिलेली सेवाही.

फिरस्ता:
उगाच घाबरवू नका. माल्टाने २०२३ मध्ये गेमिंग कायद्यात कलम ५६अ घातलंय, परक्या कोर्टाचे निकाल तिथे लागू करत नाहीत.

काळाकोट:
ते परवानाधारक कंपनीचं कवच आहे. ऑस्ट्रिया-जर्मनीतले हरलेले लोक पैसे परत मागायला कोर्टात गेले, म्हणून आणलं. हा पोरगा गणपतीला मुंबईत उतरेल तेव्हा ते कलम विमानतळावर येणार आहे का?

फिरस्ता:
माझ्या वेळी सगळी गिऱ्हाइकं युरोपातली होती, हे मान्य. बाकी पक्या, भाडं अंगावर येतं हं. बस मात्र रहिवाशांना कार्डावर फुकट.

काळाकोट:
बस राहू दे. अथॉरिटीच्या साइटवर परवानाधारकांचं रजिस्टर आहे, सगळ्यांना खुलं. त्यात कंपनीचं नाव बघ.

सांगलीचा_पक्या:
बघितलं. ऑफर लेटरवरचं नावच नाही त्यात. एजंट म्हणतो परवाना कुरासाओचा (कॅरिबियनमधलं बेट) आहे, तोही चालतो. चालतो का? आज बुधवार आहे, प्लीज.

काळाकोट:
माल्टातून सेवा द्यायची तर परवानगी माल्टाचीच लागते. एजंटला पैसे दिलेस?

सांगलीचा_पक्या:
४० हजार. टोकन म्हणून.

हिशेबनीस:
पावती आहे का?

सांगलीचा_पक्या:
जीपे केलं. त्याच्या मेहुण्याच्या नंबरवर.