गरोदरपणातली जळजळ, गॅस, बद्धकोष्ठता: तुम्ही कसं निभावलंत?

सातवा लागलाय. रात्रीचा दीड वाजलाय आणि मी पलंगावर बसून लिहितेय, कारण आडवं झालं की सगळं घशाशी येतं. जेवले होते नुसता वरणभात! डॉक्टर म्हणतात, नॉर्मल आहे. असेल हो, पण रात्र कशी काढायची? अनुभव लिहा. नुसतं 'थंड दूध पी' नको.

नेरुळकरीण: कारण कळलं तेव्हा माझा निम्मा वैताग गेला. या दिवसांत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, त्याने जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते आणि आतडीही मंदावतात. त्यात गर्भाशय जठराला खालून ढकलतं. मी रात्रीचं जेवण साडेसातवर आणलं. नवरा येतो साडेनऊला. सुनेने आधी जेवून घेणं सासूबाईंना काही पटेना, आठवडाभर घरात अबोला. पण मला झोप लागायला लागली. उशांवर उशा रचून नुसती मान अवघडते, पोट उलट दाबलं जातं. आम्ही पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. आणि डाव्या कुशीवर झोप.

ट्रान्सहार्बरवाली: ठाण्याहून तुर्भ्याला ऑफिस. उपाशी चढलं की मळमळ, पोटभर खाऊन चढलं की जळजळ. मग स्टेशनांवर खाणं वाटून टाकलं. ऐरोलीला दोन खारका, घणसोलीला मूठभर कुरमुरे, पोळीभाजी ऑफिसात पोचल्यावर. डब्यातल्या बायका कुरमुऱ्यांची पुडी बघून जागा द्यायच्या, हा वरचा फायदा.

कळव्याची: माझं सगळं रामायण लोहाच्या गोळीचं. सरकारी लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. शौचाला काळं आणि खडा. घाबरून तीन आठवडे गुपचूप बंद केली, हिमोग्लोबिन ९.२ वर आलं आणि तपासणीत पकडले गेले. आरोग्यसेविका ताईंनी मग नीट विचारलं. मी गोळी चहासोबत घेत होते, कॅल्शियमही त्याच घोटात! चहा आणि कॅल्शियम, दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. त्यानंतर लोह लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम दुसऱ्या जेवणानंतर. काळ्या रंगाचं म्हणाल्या, लोहाने होतोच, घाबरायचं नाही. डॉक्टरांनी लोहाची वेगळी गोळी लिहून दिली आणि रात्री इसबगोल. त्यावर पेलाभर पाणी हवंच, नाहीतर तेच आत अडकून बसतं.

दिवाळ्याची सून: आमच्याकडे पेज. उकड्या तांदळाची, मीठ आणि चमचाभर तूप. संध्याकाळी वाटीभर, कोमटच. मासळीचं कालवण तेवढे दिवस दुपारपुरतंच ठेवलं. आजेसासूबाई एरंडेल द्यायला निघाल्या होत्या, डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, त्याने कळा सुरू होऊ शकतात. अ‍ॅसिडिटीची फसफसणारी पुडीही मनाने घेऊ नकोस, तिच्यात सोडियम फार.

पाचपाखाडी: माझ्या आईच्या मते जळजळ म्हणजे बाळाला दाट जावळ. मला नऊ महिने जळजळ, लेक निघाली टकली.

नेरुळकरीण: हसू नकोस! २००६ साली अमेरिकेत ६४ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, त्यात खरंच संबंध दिसला होता. तुझी लेक अपवाद.

घोडबंदरची: मी जरा वेगळं लिहिते. चौतिसाव्या आठवड्यात उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. मी म्हटलं, अ‍ॅसिडिटी. दोन दिवस गोळ्या चघळल्या. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. बीपी १६०/११०. प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा धोकादायक आजार. त्याच रात्री सिझर. लेक आता तीन वर्षांचा आहे, व्यवस्थित आहे. पण तसं दुखलं, सोबत डोकं किंवा डोळे, हातातोंडावर एकाएकी सूज, तर सकाळची वाट बघू नकोस.

धागाकर्ती: घोडबंदरच्या ताई, वाचून लगेच बीपी मोजून आले. ११०/७०. विटांचं जमेना, आमच्या पलंगाला पायच नाहीत, खाली सगळं स्टोरेज! जुनी गादी दुमडून डोक्याकडे गादीखाली सारली, मग उतार बरा आला. आज साडेसातला जेवले, अबोल्याचं उद्या बघू. दिवाळ्याच्या ताई, उकडा तांदूळ ठाण्यात कुठे मिळेल?

दिवाळ्याची सून: जांभळी नाक्याला विचारून बघ. नाहीच मिळाला तर जुना कोलम घे, पाणी जास्त घाल आणि गाळायचं नाही.