कॉर्सेअर: वाकडे पंख, लांब नाक आणि ब्रिटिश आवृत्ती (१/४८ मॉडेलसाठी मदत हवी)

पेठकर४८:
नमस्कार मंडळी. १/४८ मापाचं कॉर्सेअर (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी लढाऊ विमान) जोडायला घेतलंय. किट अमेरिकी एफ४यू-१ए चं आहे, पण मला ते १९४४ च्या ब्रिटिश 'इलस्ट्रियस' या विमानवाहू जहाजावरचं करायचंय. दिवाळीनंतर बालगंधर्व कलादालनात मांडायचंय, शेजारी मराठी माहितीफलकही असेल. त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या हव्यात. पंख आधी खाली आणि मग वर असे का वळवले? आणि एवढं वेगवान विमान अमेरिकी नौदलाने आधी जहाजांवर का घेतलं नाही? किटमध्ये काय कापायचं, काय चिकटवायचं तेही सांगा.

डबलवास्प:
फलकाची सुरुवात प्रोपेलरपासून करा, बाकी सगळं त्याच्या मागे ओढलं गेलंय. इंजिन प्रॅट अँड व्हिटनी आर-२८००: दोन रांगांत १८ सिलिंडर, २००० अश्वशक्ती. ती ताकद वापरायला ४.०६ मीटर व्यासाचा तीन पात्यांचा प्रोपेलर लावला. तुमच्या मॉडेलवर तो साधारण ८४.५ मिमी भरायला हवा, मोजून बघा. पंख सरळ असते तर पाती डेकला लागू नयेत म्हणून चाकांचे पाय फार लांब करावे लागले असते, आणि जहाजावर विमान आदळूनच उतरतं, तिथे लांब पाय टिकत नाहीत. म्हणून रेक्स बाइझेल यांच्या चमूने पंखच खाली वळवला आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात चाकं दिली. पाय मागे दुमडताना जवळपास ९० अंशांत फिरतो, चाक पंखात आडवं बसतं. शिवाय अशा रचनेत पंख गोल धडाला काटकोनात मिळतो, सांध्यावरचा हवेचा विरोध कमी होतो. ऑक्टोबर १९४० मध्ये प्रोटोटाइपने ताशी ४०५ मैल गाठले ते उगाच नाही.

लांब नाकाचं कारण मात्र वेगळं. पंखांत ०.५० इंची सहा ब्राउनिंग मशीनगन बसवल्यावर (एकूण २३५० गोळ्या) तिथल्या इंधनाला जागा उरली नाही. २३७ गॅलनची टाकी धडात, कॉकपिटच्या पुढे आली आणि कॉकपिट सुमारे ८१ सेंमी मागे सरकलं. उतरताना वैमानिकाला समोर दिसायचं ते नाकच.

हुकपॉइंट:
नजरेची अडचण ही एकच नव्हती. कमी वेगात, इंजिनावर जोर असताना डावा पंख उजव्याच्या आधी स्टॉल व्हायचा, म्हणजे त्याची उचल अचानक जायची. डेकजवळ उतरणं रद्द करून घाईने थ्रॉटल दिला की विमान डावीकडे कलंडायचं. उपाय साधा निघाला: उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला, मशीनगनच्या बाहेरच्या बाजूला, ६ इंची पट्टी. ती उजव्या पंखाची हवाही तेवढीच लवकर फोडते, त्यामुळे दोन्ही पंख बरोबरीने उचल सोडतात. १/४८ ला ती ३.२ मिमी लांब होते. पातळ प्लास्टिक पट्टी त्रिकोणी तासून लावा, पण निवडलेल्या विमानाचा फोटो बघूनच.

दुसरा दोष चाकांच्या पायात. दणका शोषायच्या ऐवजी ते विमान उसळवायचे, आणि उसळलेल्या विमानाचा शेपटीकडचा हुक त्याला थांबवणाऱ्या, डेकवरच्या आडव्या तारांवरून निसटतो. पायातली झडप बदलल्यावर हे आटोक्यात आलं. तिसरा दोष इंजिनाभोवतीच्या झडपांचा: माथ्यावरच्या झडपांतून तेल काचेवर उडायचं, म्हणून त्या कायमच्या बंद केल्या. मॉडेलवर बाकीच्या उघड्या दाखवल्यात तरी माथ्यावरच्या बंदच ठेवा. ही चूक बऱ्याच मॉडेलांत दिसते.

दरम्यान अमेरिकी नौदलाकडे हेलकॅट हे दुसरं लढाऊ विमान आलं होतं. त्याचं कॉकपिट उंच, नाक पुढे उतरतं, उतरवायला सोपं. म्हणून सुरुवातीची कॉर्सेअर बहुतेक मरीन दलाच्या जमिनीवरच्या तळांवर गेली. जहाजांवर ती मोठ्या संख्येने आली ती १९४४ च्या अखेरीस, जपानी वैमानिकांचे कामिकाझे (आत्मघाती) हल्ले सुरू झाल्यावर.

पेठकर४८:
दोघांचेही आभार. पंखांची टोकं नेमकी किती कापू? आणि टोकं कापल्यामुळेच ब्रिटिशांना ते जहाजावर उतरवता आलं, हे खरं का?

डबलवास्प:
नाही. टोकं कापली ती हँगरसाठी. 'इलस्ट्रियस'च्या हँगरची उंची १६ फूट. पंख वर दुमडलेलं कॉर्सेअर त्यात मावेना, म्हणून दोन्ही टोकांची ८-८ इंच काढली. तुमच्याकडे प्रत्येकी ४.२ मिमी. आधी मास्किंग टेपने रेघ आखा, बारीक करवतीने कापा, उघडं पडलेलं तोंड पुटीने भरा आणि कोपरे किंचितच गोल करा. जास्त गोल केलेत तर पुन्हा अमेरिकी दिसेल. टोकांवरचे दिवेही आत सरकवावे लागतील.

उतरण्याची ब्रिटिश पद्धत निराळी होती. शेवटपर्यंत डावीकडे वळत यायचं, म्हणजे डेक आणि बॅट घेऊन इशारे देणारा अधिकारी नाकाच्या बाजूने दिसत राहतो. सरळ व्हायचं ते अगदी डेकवर आल्यावर.

हुकपॉइंट:
विमान कॉर्सेअर २ (एफ४यू-१ए चं ब्रिटिश नाव) करा, स्क्वाड्रन १८३० किंवा १८३३. १९ एप्रिल १९४४ च्या सबांग (सुमात्राजवळचं जपानी ताब्यातलं बंदर) हल्ल्यात 'इलस्ट्रियस'वर हीच होती आणि ताफा श्रीलंकेच्या त्रिंकोमालीहून निघाला होता, आपल्या वाचकाला ते जवळचं वाटेल. विमानावरच्या ब्रिटिश ओळखखुणेच्या वर्तुळात फक्त निळा आणि पांढरा. जपानी खुणेशी गफलत नको म्हणून लाल ठिपका काढला होता, किटमधली अमेरिकी चांदणीची डिकल (पाण्याने चिकटवायची खूण) वापरू नका.

आणि रंग आत्ता लगेच नको. पुण्यात पाऊस चालू असताना स्प्रे केलेला लॅकर दमट हवेने पांढुरका पडतो. कोरडा दिवस बघा, पातळ थर द्या. डिकलआधी ग्लॉस कोट हवाच, नाहीतर मॅट रंगावर डिकलखाली हवा अडकून चकाकी दिसते.