गणपतीची शिल्लक आणि १७ उद्दिष्टं

सुनंदाताई (बी-४०२): नमस्कार. गणपतीच्या शिल्लक ४० हजारांतून टेकडीवर झाडं लावायची, असं मागच्या सभेत ठरलं होतं. कमिटीने ते परस्पर रद्द केलं म्हणे. कारण काय, तर "रुपयामागे परतावा कमी". हे कुणी मोजलं?

माधवकाका (सी-१०१): जगातल्या अर्थतज्ज्ञांनी. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं ठरवली, मुदत २०३०. सगळंच पहिलं म्हटलं की एकही धड होत नाही. म्हणून कोपनहेगन कॉन्सेन्सस या अर्थतज्ज्ञांच्या अभ्याससंस्थेने २०२३ मध्ये १२ उपाय निवडले. क्षयरोग, मलेरिया, लसीकरण, बाळंतपण, शेतीसंशोधन वगैरे. त्यांच्या अंदाजाने वर्षाला ३५ अब्ज डॉलर घातले तर ४२ लाख जीव वाचतात. १ रुपयाला ५२ रुपये. झाडं त्यात नाहीत.

रोहन (ए-२०५): ५२ पट? काका, मग सिंकिंग फंड पण तिकडेच टाकू 😄

खजिनदार: ज्यांचा मेंटेनन्स मार्चपासून बाकी आहे त्यांनी सिंकिंग फंडावर बोलू नये.

रोहन (ए-२०५): पावती तुम्हाला पर्सनलवर पाठवलीय. आधी बघा, मग ग्रुपवर बोला.

सचिव: कृपया विषयाला धरून 🙏

अनिकेत (ए-७०३): सुनंदाताईंचा प्रश्न रास्त आहे. आकडा आभाळातून पडत नाही, डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे मिळणारा फायदा आजच्या किमतीत आणायचा वार्षिक दर, कुणीतरी ठरवतं. १०० वर्षांनी होणारा १ कोटीचा फायदा ५ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणला तर ७६ हजार उरतो. १.४ टक्क्याने आणला तर २५ लाख. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामान बदलावरच्या २००६ च्या अहवालात दर साधारण १.४ होता, म्हणून त्यांना हवामानावरचा खर्च तातडीचा वाटला. कोपनहेगनच्या २००४ च्या यादीत हवामानाचे प्रस्ताव तळाला होते. झाडाचा फायदा उशिरा येतो, त्यामुळे ते या हिशोबात पहिल्यापासूनच मागे पडतं.

माधवकाका (सी-१०१): मी बँकेत ३४ वर्षं काढलीत, डिस्काउंट मला शिकवू नका. १ ला ५२.

वैशाली (बी-१०३): काकांचा मुद्दा उडवू नका. मी सरकारी दवाखान्यात बाळं जाताना पाहिलीत. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, खर्च बाळामागे ५.३ डॉलर. असा आकडा हातात असला की सरकारपुढे ठामपणे बोलता येतं. नुसत्या कळकळीवर बजेट मिळत नाही.

माधवकाका (सी-१०१): तेच म्हणतोय. १ ला ५२.

सुनंदाताई (बी-४०२): वैशाली, ते मला पटतं गं. पण ३५ अब्जांचा हिशोब देशोदेशींच्या सरकारांचा आहे. आपल्या ४० हजारांना ५२ कसा लागू होतो? आणि हे ५२ कुणाच्या पदरात पडतात?

अनिकेत (ए-७०३): बेरजेत ते दिसत नाही, ताई. शिवाय वाचलेल्या जिवाची किंमत बहुतेक वेळा लोकांच्या उत्पन्नावरून धरतात. गरीब देशातला जीव कागदावर स्वस्त पडतो. मला हे फार खुपतं. तरीही मोजूच नये असं मी म्हणणार नाही. न मोजता वाटलं की ज्याचा आवाज मोठा त्याला मिळतं.

रोहन (ए-२०५): मोठा आवाज म्हणजे सी विंग.

माधवकाका (सी-१०१): सी विंगला मध्ये आणायचं कारण नाही. सगळ्यांसाठी पुन्हा लिहितो. १ रुपयाला ५२ रुपये.

वैशाली (बी-१०३): आपल्या रकमेला साजेसं सांगू? सरकारी योजनेत 'निक्षय मित्र' होऊन क्षयरुग्णांना पोषण आहार देता येतो. झारखंडमधल्या चाचणीत रुग्णाच्या घरच्यांनाही शिधा दिला, तर त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. हेही २०२३ चंच. किती घरांना किती महिने पुरेल, ते दवाखान्यात विचारून रविवारपर्यंत सांगते.

सुनंदाताई (बी-४०२): ते ऐकून मी स्वतः त्याला मत देईन. माझा राग झाडं गेली याचा नाही, सभेत ठरलेलं न विचारता बदललं याचा आहे.

सचिव: चुकलं, मान्य. दोन्ही प्रस्ताव रविवारी ११ वाजता सभेत घेऊ.

माधवकाका (सी-१०१): इतिवृत्तात ५२ चा आकडा यायला हवा.

सुनंदाताई (बी-४०२): जरूर लिहा. शेजारी डिस्काउंट रेट किती धरला तोही लिहा.