मदत हवी आहे: मारबत, मुंजा, आसरा गोष्टीत आणताना त्यांचा मूळ स्वभाव कसा राखावा?

संत्राबर्फी:

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, महालात राहते. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहायला घेतली आहे आणि आता जाणत्यांना विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण नीट कळायची नाही.

गोष्ट इतवारीतल्या एका मुलीची आहे. तिचे आजोबा बांबूकाम करतात आणि मोहल्ल्याच्या लहान मारबतीचा सांगाडा दरवर्षी तेच बांधतात. पोळा जवळ आला की रात्री जेवणं झाल्यावर ही त्यांच्या हाताखाली बसते. कमच्या तासून ठेवायच्या, सुतळीचे तुकडे करून द्यायचे, खळ ढवळायची. मारबतीला अजून तोंड चिकटवलेलं नाही. त्या बिनतोंडाच्या सांगाड्यातून एका रात्री मुलीला प्रश्न येतो, "या वर्षी काय काय न्यायचं आहे?"

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, नागपुरात मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तेली समाजाची. नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते तेव्हा तिथे मुंगी शिरायला जागा नसते. "ईडा-पीडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गेऽऽ मारबत" अशा आरोळ्या उठतात आणि मिरवणूक संपली की मारबतीचं दहन होतं.

मला त्या आरोळीतच एक पात्र दिसतं. जिला बांधलंच जातं सगळ्या गावाची दुखणी उचलायला, जिचं आयुष्य पाडव्याच्या दुपारी संपतं. पुढच्या वर्षी उभी राहते ती तीच असते का? मागच्या वर्षी काय नेलं ते तिला आठवत असेल का? आणि कुणी चुकून तिच्या हवाली असं काही केलं, जे जायला नको होतं, तर ते परत मागता येईल का? माझी कादंबरी या शेवटच्या प्रश्नावर उभी आहे.

आता अडचण. मुलगी ती गोष्ट परत आणायला निघते आणि वाटेत तिला मुंजा, आसरा, हडळ, चकवा भेटतात. इथे लिखाण सपाट होतं आहे. लाल डोळे, मोकळे केस, उलटे पाय, थंड वारा. नावं झाकून ती पानं दोन मैत्रिणींना वाचायला दिली तर कोण कुठलं ते एकीलाही ओळखता आलं नाही. आंतरजालावरच्या भुतांच्या याद्यांतून एवढंच हाती लागतं, कारण त्या सगळ्या दिसण्यावर थांबतात.

मला वाटतं, आपल्याकडच्या भुताची खरी ओळख त्याच्या नियमात आहे. ते कशामुळे झालं, राहतं कुठे, कुणाला धरतं, कशानं सोडतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा, म्हणून तो पिंपळावर. म्हणजे तो मुळात एक पोरगा आहे, ज्याचं मोठं व्हायचं राहून गेलं. चकव्याला तर रूपच नाही. तो फक्त वाट फिरवतो. साती आसरा पाण्यापाशी, शेंदूर लावलेल्या सात दगडांत, त्या एकट्यानं येणाऱ्याला ओढतात आणि खण-बांगड्या मिळाल्या की शांत होतात. हे नियम पाळले तर पात्रं आपोआप वेगळी होतील असा माझा कयास आहे. पण नियम पुस्तकी नकोत, लोकांच्या तोंडचे हवेत. ते तुमच्याकडून हवेत.

शिवाय दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काळ्या मारबतीच्या मुळाशी दोन कथा सांगतात. एक पूतनेची. दुसरी नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईंची, त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून लोकांनी त्यांचा पुतळा काढला अशी. मी कुठली धरू? आणि दुसरं, हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंदानं. जुन्या नागपुराची गोष्ट गोंडांना वगळून लिहिणं मला पटत नाही. त्यांची यात्रा भरते त्या कचारगडची कथा मला फार ओढते. पण तो आज पाळला जाणारा धर्म आहे. त्याला हात लावावा का, आणि लावला तर कसा?

पाटोडीरस्सा:

ताई, मी इतवारीचाच. लहानपणापासून खांद्यावर बसून मारबत पाहिली, आता माझे पोट्टे माझ्या खांद्यावर बसून पाहतात. एक सांगतो, मारबतीले राक्षसीण करू नका जी. बाहेरचे लोक टीव्हीवर जाळताना पाहतात आणि समजतात की हे काही रावणासारखं आहे. तसं नाही. मिरवणुकीच्या आधी आमच्या घरच्या बाया तिची पूजा करतात, नवस बोलतात, लेकरू तिच्या पायाशी ठेवतात. आणि पाडव्याले त्याच बाया गच्चीवरून ओरडतात, घेऊन जा गे मारबत. पाया पडायचं आणि हाकलायचं, दोन्ही एकाच तोंडानं. तुमच्या पुस्तकात हे आलं तर आमची मारबत आली असं मी म्हणीन.

पूतना की बाकाबाई, हे ठरवू नका. आमच्या गल्लीत एका ओट्यावर एक गोष्ट सांगतात, समोरच्या ओट्यावर दुसरी. दोघांचंही ऐकून मोठे झालो. मुलीनं तिले विचारावं, तू कोण? तिनं म्हणावं, तुझी आजी काय सांगते?

आणि बडग्या कुठे आहे तुमच्या गोष्टीत? मारबतीसोबत बडग्यांचे पुतळे निघतात ना. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ज्या वर्षी जे खुपलं त्याचा. तो दरवर्षी नवा असतो. मारबतीले दीडशे वर्षांचं आठवत असेल, पण बडग्याले फक्त यंदाचंच माहीत. अशी जोडी जमली तर पोरं हसतील पण. नुसतंच भेव दाखवू नका.

झाडीपट्टीकर:

मी वडसा भागातला, सध्या नोकरीनिमित्त नागपुरात. मारबत फक्त शहराची नाही हे आधी नोंदवतो. आमच्या गावात पोळ्याला दाराशी पळसाचे मेढे ठेवतात. करीच्या दिवशी पहाटे ते उचलून गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे आणि तीच आरोळी द्यायची. पुतळा नाही, मिरवणूक नाही, नुसती पळसाची फांदी. शहरातली मारबत आणि गावची फांदी यांचा काही नातेसंबंध तुमच्या मुलीला वाटेत कळला तर छान होईल. शिवेबाहेर टाकलेलं ते सगळं कुठे साठत असेल, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. तुमची हरवलेली वस्तू तिथेच सापडावी.

चकव्याबद्दल. आमच्याकडे तो भात कापणीच्या दिवसांत जास्त सांगतात. धुकं पडलेलं असतं, बांध्या सगळ्या सारख्या, माणूस रात्री पाणी किंवा पीक राखायला जातो आणि ओळखीच्या शेतात वाट चुकतो. सकाळी पाहावं तर आपल्याच पावलांचं गोल रिंगण. आजोबा सांगायचे, चकवा लागला की चालू नये. मुकाट बसावं, तांबडं फुटू द्यावं. माझ्या मते तुम्हाला हवा तसा नियम हाच आहे. चकवा मारत नाही, खात नाही, त्याला फक्त घाई करणारा माणूस लागतो. तुमच्या मुलीला पाडव्याच्या आत परत यायचं आहे म्हणजे घाई आहेच. अशा वेळी तिला बसून राहावं लागणं ही तिची खरी परीक्षा. तिथे लाल डोळ्यांची गरजच उरत नाही.

आणखी एक. ताडोबाच्या तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. तारू गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला आणि पुढे देव म्हणून पुजला जाऊ लागला. जंगलाला नाव त्याचंच. या कथेत वाघाला कुणी दुष्ट ठरवत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या भागात वाघालाही शेंदूर लागतो. तुमच्या कादंबरीत मारणारा आणि मरणारा दोघंही पूज्य असू शकतात, हे मुलांना इथल्याच गोष्टीतून सांगता येईल.

रानमेवा:

गोंड संदर्भाबद्दल थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका.

कचारगड गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात आहे. माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते, लांबलांबच्या राज्यांतून लोक येतात. गुहेत कोंडलेली मुलं, त्यांना सोडवणारे पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड, हे त्यांच्यासाठी आजचे आराध्य आहेत. लिंगोला किंवा जंगोला तुमच्या कादंबरीत संवाद देऊ नका, शक्ती देऊ नका, आणि मुंजा-हडळीच्या रांगेत तर मुळीच बसवू नका. देव आणि भूत यांच्या मधली रेघ बाहेरचा माणूस फार सहज पुसतो आणि त्याचा त्रास ज्यांचा देव आहे त्यांना होतो. त्याऐवजी एक गोंड पात्र आणा, माणूस. मुलीची वर्गमैत्रीण, जी यात्रेला जाऊन आली आहे. कथा ती सांगेल, जेवढी तिला सांगावीशी वाटेल तेवढीच. आणि ते प्रकरण छापण्याआधी त्या समाजातल्या कुणाला तरी वाचायला द्या, नुसत्या औपचारिकतेसाठी नाही, बदल करायची तयारी ठेवून.

वाचायचं म्हणाल तर लिंगोचं गीत सर्वांत आधी लिहून घेणाऱ्यांत नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप होता. त्याच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये रिचर्ड टेम्पलनं त्याचे कागद छापले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे 1916 चे चार खंडही आहेत, त्यांत भुताखेतांच्या समजुती विखुरलेल्या सापडतात. दोन्ही वाचताना लिहिणारा कोण आणि कुणासाठी लिहितो आहे याचं भान ठेवा. हिस्लॉप मिशनरी होता आणि रसेल सरकारी अधिकारी.

हिस्लॉपचा शेवट तुम्हाला माहीत आहे का? 1863 च्या सप्टेंबरात तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतत होता. नाल्याला पूर आलेला, त्यात तो बुडाला. तशीच शिळावर्तुळं काटोल रोडवर जुनापाणीला आहेत, नागपूरहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल. महापाषाणयुगातल्या लोकांनी मेलेल्यांसाठी रचलेले दगड. तिथे संध्याकाळी एकदा उभ्या राहा. तुमच्या गोष्टीला हव्या त्या जागा शहराच्या कुशीतच आहेत. अजब बंगल्यातलं, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातलं, आदिवासी दालनही पाहून या.

जुनीवही:

वरच्या सगळ्यांशी सहमत, फक्त हडळीबद्दल लिहिते. मी परिचारिका आहे, प्रसूती विभागात बरीच वर्षं काढली.

हडळ म्हणा, अळवंत म्हणा, मुळात ती बाळंतपणात गेलेली बाई. म्हणून तिची भीती बाळंतिणीला आणि तान्ह्याला घातली जाते. ज्या काळात दर घराला अशी एक तरी बाई ठाऊक होती, त्या काळाची ही भीती आहे. तिचे पाय उलटे असोत नसोत, तिचं मूल कुठे आहे हे तुम्ही लिहिलंत का? ते जगलं का? तिला कुणी सांगितलं का? एवढं एक पान लिहा आणि मग मैत्रिणींना नावं झाकून द्या. त्या बरोबर ओळखतील.

चेटकीण मात्र घेऊ नका, अशी माझी विनंती आहे. मुंजा कुणाच्या शेजारी राहत नाही, पण करणी करते म्हणून हिणवलेली बाई खरोखर गावात राहते आणि मार खाते. तिच्यासारख्यांसाठीही 2013 साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. मुलांच्या पुस्तकात तसं पात्र खलनायिका म्हणून आलं तर ते आपण आगीत तेल ओतल्यासारखं होईल. आणायचीच असेल तर तिच्यावर आळ आला आहे आणि मुलगी तिच्या बाजूनं उभी राहते, असं आणा.

आणि मुलींच्या भुलाबाईच्या खेळाला का वगळलंत? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. पाण्यातल्या आसरांनी मुलीला हाच खेळ घातला तर? डब्यात काय आहे ते ओळख, नाहीतर इथेच राहा. आमच्या लहानपणी तर अर्धी मजा आणि अर्धा धाक त्या डब्यातच असायचा.

संत्राबर्फी:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं भरभरून मिळेल असं वाटलं नव्हतं.

काय घेते आहे ते सांगते. पाटोडीरस्सा, पूजा आणि हाकलणं एकाच तोंडानं, हे आता मारबतीच्या पहिल्या प्रकरणातच येईल. तिचं मूळ मी सांगणार नाही, तिच्याकडून उलटा प्रश्न येईल. बडग्याही आला, मोठ्या तोंडाचा, फक्त यंदापुरतं जाणणारा. झाडीपट्टीकर, शिवेबाहेर साठलेल्या ईडा-पीडेची जागा मला हवी तीच आहे. काल रात्री तिचा कच्चा खर्डा लिहिला, तिथे पळसाचे मेढे वाळून पडलेत, आणि मुलीला त्यांतून आपल्या घरचं दुखणं कुठलं ते शोधायचं आहे. रानमेवा, लिंगो आणि जंगो यांना मी हात लावणार नाही, वर्गमैत्रिणीचं पात्र घेते, आणि माघात यात्रेला जायचं ठरवते आहे. जुनीवही, तुमचा प्रतिसाद वाचून हडळीचं प्रकरण बाजूला ठेवलं आणि नव्यानं सुरू केलं. पहिलं वाक्य तिच्या मुलाबद्दल आहे. चेटकीण काढून टाकली.

आता फक्त आसरा राहिल्या. खिरापतीचा खेळ मला फार आवडला, पण त्यांना आपल्या भागात नेमकं काय वाहतात ते पक्कं हवं आहे. खण, हिरव्या बांगड्या एवढं माहीत आहे. कन्हान किंवा वैनगंगेकाठचं, मौदा, कुही, आंभोरा या बाजूचं कुणी इथे असेल तर कृपया सांगा: नैवेद्य काय दाखवतात, कुठल्या वारी, आणि घरातलं कोण जातं? बाया एकट्या जातात की सगळं घर? आणि परत येताना मागे वळून पाहायचं नाही असं काही आहे का? डब्यात काय ठेवायचं ते त्यावर ठरेल.